जेलमधल्या माणसाच्या खाण्यापिण्याचा आणि दवाखान्याचा खर्च कोणाचा, आणि तो सरकारकडून करून कसा घ्यायचा

घरातलं कोणी पक्का कैदी झालं, म्हणजे शिक्षा लागून आत गेलं, की घरच्यांचा पैसा नुसता वाहायला लागतो. वकील, गाडीभाडं, मनीऑर्डर, आणि त्यात आतून निरोप येतो की शुगरची गोळी संपलीय किंवा दाढ सुजलीय किंवा हर्निया खाली आलाय, मग कोणीतरी ओळखीचा भेटतो आणि म्हणतो एवढे द्या, आतली सोय मी बघतो. द्यायचे नाहीत. बहुतेक वेळा तो पैसा जिथे अडलंय तिथे पोचतच नाही, कारण अडलेलं असतं भलतीकडेच, ते पुढे सांगतो.

आधी हिशोब कोणाचा ते बघू. तुरुंग हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे, सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत ४ नंबरला. त्यामुळे येरवडा असो, आर्थर रोड असो, नाशिक रोड, हर्सूल, कळंबा, नाहीतर एखाद्या जिल्ह्याचं छोटं कारागृह असो, जेवण, कपडे, अंथरूण, औषध, डॉक्टर सगळा खर्च राज्य सरकारचा. खातं गृह विभागाचं, नाव कारागृह व सुधारसेवा विभाग, मुख्यालय पुण्यात. नगरपालिका नाही, जिल्हा परिषद नाही आणि कैद्याचं घर तर नाहीच नाही.  

कायदा १८९४ पासून चालत आलाय, प्रिझन्स ॲक्ट. त्यात एक फरक आहे जो घरच्यांना शिक्षा लागल्यावर एकदम कळतो. कच्चा कैदी, म्हणजे ज्याची केस अजून चालू आहे तो, परवानगी घेऊन स्वतःच्या पैशाने जेवण कपडे मागवू शकतो, कलम ३१ आहे तसं. म्हणून केस चालू असताना कोर्टाच्या ऑर्डरवर काहींचा घरचा डबा जातो. शिक्षा लागली की ती सवलत संपली, आता सरकार जे देईल ते, आणि देणं ही सरकारची जबाबदारी. बऱ्याच जणांना वाटतं डबा बंद केला म्हणजे जेलवाले त्रास देतायत, तसं नाहीये, माणसाचा कागदावरचा प्रकारच बदललाय.

खाजगी माणसाने कैद्याचा खर्च भरायचा असा एक प्रकार कायद्यात आहे, ऐकून गंमत वाटेल. दिवाणी कैदी. पैसे बुडवले म्हणून हुकूमनामा घेऊन तुम्ही कोणाला दिवाणी तुरुंगात टाकायला निघालात तर त्याचा पोटगी भत्ता तुम्हीच आगाऊ भरायचा, आणि भरायचा थांबलात की तो सुटला. फौजदारी शिक्षेत असलं काही नाही.

आता दवाखाना. प्रत्येक मोठ्या कारागृहात स्वतःचं हॉस्पिटल असतं, निदान एक खोली, डॉक्टर (आत सगळे एमओ साहेब म्हणतात), कंपाउंडर. कैदी आत येतो तेव्हा त्याची तपासणी करून नोंद करायची असते, आजारी आहे सांगितलं की डॉक्टरपुढे न्यायचं असतं, हे त्याच १८९४ च्या कायद्यात आहे, कोणाची मेहेरबानी नाही. तिथे जमलं नाही तर रेफर. जिल्ह्यात असेल तर सिव्हिल, पुण्यात ससून, मुंबईत जेजे, कोल्हापुरात सीपीआर, संभाजीनगरला घाटी. यात सिव्हिल सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्यांनाच उपचार फुकट आहेत, केसपेपरसुद्धा. ससून, जेजे, घाटी, सीपीआर ही मेडिकल कॉलेजची, वैद्यकीय शिक्षण विभागाखालची, तिथे फी असते, पण कैद्याची फी हा जेल आणि हॉस्पिटल या दोन सरकारी खात्यांमधला हिशोब आहे, तुमचा नाही.

टीबी आणि एचआयव्हीची औषधं तर जेलच्या बजेटमधून पण येत नाहीत, ती राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत येतात. त्यामुळे या दोन आजारांत "स्टॉक नाही, बाहेरून आणून द्या" असं कोणी म्हणालं तर ताबडतोब लेखी तक्रार करायची, त्यात डोस चुकला की पुढचं सगळं अवघड होतं. मानसिक आजार असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम १०३. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात मानसिक आरोग्याची सोय पाहिजे आणि गरज पडली तर मनोरुग्णालयात हलवता येतं, आपल्याकडे सरकारी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. बाई आत असेल आणि मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर ते आईजवळ राहू शकतं आणि त्याचं दूध, लसी, औषध सगळं सरकारवर, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगून ठेवलंय.

मग अडतं कुठे? गाडी आणि गार्ड. कैद्याला बाहेरच्या हॉस्पिटलला न्यायचं तर एस्कॉर्ट, म्हणजे सोबत पोलीस पहारा लागतो, तो जेलच्या स्टाफमधून नाही तर पोलीस मुख्यालयातून मागवायला लागतो. दोन्ही खाती गृह विभागाचीच, पण एकाचा माणूस दुसऱ्याच्या हातात नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितो मंगळवारी ऑर्थो ओपीडी, जेल पोलीस मुख्यालयाला पत्र पाठवतं, मंगळवारी कुठेतरी मंत्र्याचा दौरा नाहीतर गणपती बंदोबस्त, एस्कॉर्टचे पोलीस आले नाहीत, ओपीडी गेली, पुढची तारीख पुढच्या आठवड्यात, आणि त्या दिवशी कोर्टाच्या तारखांचे कैदी आधी नेले जातात कारण कोर्ट विचारतं आणि दुखणारा गुडघा कोणी विचारत नाही. त्यात २०२३ मध्ये ससूनच्या १६ नंबर वॉर्डात उपचाराच्या नावाखाली राहिलेला ड्रग्ज केसमधला एक कैदी पळाला, तेव्हापासून हॉस्पिटलात ठेवायचं म्हटलं की सगळेच दहा वेळा विचार करतात. माझं मत विचाराल तर जेलमधल्या उपचारांत पैशाच्या टंचाईपेक्षा ही एस्कॉर्टची टंचाई जास्त जीव खाते. म्हणून तुमचा सगळा जोर त्या तारखेला गाडी सुटावी यावर लावायचा.

ते कसं करायचं. पहिली गोष्ट, जुने कागद. माणूस आत जायच्या आधी कुठे दाखवत होता, कोणती गोळी किती पॉवरची, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, शेवटचे रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स दोन सेट. ओरिजिनल कधीच द्यायचं नाही. घरून गोळ्या घेऊन गेटवर उभं राहण्यात अर्थ नसतो, जेलच्या डॉक्टरने मंजूर केल्याशिवाय त्या आत जात नाहीत, आणि गेटवर सोडून आलेल्या गोळ्या पोचल्या की नाही हे कधी कळत नाही. चिठ्ठी द्या, औषध त्यांना देऊ दे.

दुसरं, मुलाखतीला गेल्यावर तुमच्या माणसाला सांगा की दुखणं एमओला सांगताना नोंद करून घ्यायला लाव. बॅरकच्या वॉर्डरला सांगितलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. हॉस्पिटलच्या रजिस्टरला नाव आणि तारीख पडली पाहिजे. आणि तारीख त्याने लक्षात ठेवायची, कारण पुढे सगळा खेळ तारखांचाच आहे.

तिसरं, अधीक्षकांना अर्ज. साध्या मराठीत, एका पानात, वकील लागत नाही. असा काहीतरी:

"प्रति, मा. अधीक्षक, अमुक मध्यवर्ती कारागृह. विषय: सिद्धदोष बंदी क्र. सी-अमुक यांना बाह्य रुग्णालयात तपासणीसाठी पाठवणेबाबत. महोदय, मी वरील बंद्याची पत्नी. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह असून उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आहे. त्यांनी अमुक तारखेला कारागृह रुग्णालयात दाखवले असून बाहेर नेण्याचा सल्ला मिळाला आहे. अमुक तारखेला एस्कॉर्ट न मिळाल्याने नेता आले नाही. तरी पोलीस मुख्यालयाकडे पुन्हा मागणी करून लवकरात लवकर पाठवावे व झालेली कार्यवाही मला लेखी कळवावी ही विनंती. सोबत जुने वैद्यकीय कागद जोडले आहेत."

यातला एस्कॉर्टचा जो वाक्याचा तुकडा आहे तो सोडू नका, कारण त्याने अर्ज नुसता रडगाणं न राहता नेमकी मागणी होतो. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या. शिक्का देत नसतील तर बाहेर पडून पोस्टात जा आणि रजिस्टर एडी करा, पोचपावती म्हणजेच शिक्का. साहेबांना तोंडी भेटून "बघतो" ऐकून घरी येणारे लोक महिना महिना घालवतात आणि नंतर हातात दाखवायला काहीच नसतं. सात-आठ दिवसांत हालचाल नाही झाली तर तोच अर्ज आधीचा आवक नंबर टाकून कारागृह उपमहानिरीक्षकांना आणि पुण्याच्या मुख्यालयाला.

चौथं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. हेल्पलाईन १५१००. त्यांचे वकील आणि स्वयंसेवक जेलला जात असतात, आतूनही अर्ज करता येतो. बरेच लोक फुकटचा वकील म्हणून नाक मुरडतात, अपिलाच्या युक्तिवादाला नका घेऊ वाटत असेल तर, पण आजारपणाच्या अर्जाला हा वकील एकदम चालतो, कारण प्राधिकरणाचं पत्र गेलं की जेलला उत्तर द्यायला लागतं.

एवढं करून नाही झालं तर कोर्ट. अपील पेंडिंग असेल तर त्याच अपिलात अर्ज करून उपचारांचा आदेश मागता येतो, आजार खूपच गंभीर असेल तर शिक्षा स्थगित करून जामीन पण मागतात, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, कलम ४३०, जुन्या सीआरपीसीत ते ३८९ होतं. अपील संपलेलं असेल तर हायकोर्टात रिट याचिका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू आहे, कळंब्यातल्या कैद्यांच्या घरच्यांचा एक रात्रीचा प्रवास वाचला.

खाजगी हॉस्पिटलचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अधीक्षकांच्या पातळीवर ते सहसा होत नाही, कोर्टाकडूनच आणायला लागतं, आणि तिथे बिल कोण भरणार हे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून घ्यायचं. नवी मुंबईच्या तळोजा जेलमधलीच दोन उदाहरणं आहेत, दोघंही एल्गार परिषद प्रकरणातले कच्चे कैदी होते पण मुद्दा तोच. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने वरवरा राव यांना नानावटी हॉस्पिटलला हलवायला सांगितलं आणि खर्च राज्य सरकारने करायचा असं म्हटलं. मे २०२१ मध्ये स्टॅन स्वामींना वांद्र्याच्या होली फॅमिलीत हलवायची परवानगी मिळाली, तिथे खर्च त्यांच्या बाजूने करायचा होता. एकच हायकोर्ट, एकच जेल, सहा महिन्यांचं अंतर. तुमच्या वकिलाने "खाजगी हॉस्पिटलला परवानगी द्या" एवढंच मागितलं तर कोर्ट पहिला प्रश्न विचारणार की पैसे तुम्ही भरताय ना, आणि तो हो म्हणून बसला की संपलं. ऐपत नसेल तर अर्जात लिहा की हा उपचार सरकारी हॉस्पिटलला उपलब्ध नाही म्हणून सरकारी खर्चाने खाजगीत द्या, आणि सरकारी डॉक्टरचं तसं लेखी मत जोडा. त्या मताशिवाय ही मागणी टिकत नाही.

एक खर्च मात्र खरोखर घरच्यांच्या डोक्यावर येतो, पोलीस पहारा, जेव्हा माणूस स्वतःच्या विनंतीवरून बाहेर असतो तेव्हा. नातेवाईक वारले म्हणून बंदोबस्तात रजेवर नेलं, लग्नाला नेलं, तर बऱ्याच ऑर्डरमध्ये एस्कॉर्टचा खर्च कैद्याने भरायचा असं असतं. त्याच एल्गार प्रकरणातल्या गौतम नवलखांना नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तळोज्यातून नजरकैदेत ठेवायला सांगितलं तेव्हा पहाऱ्यापोटी २.४० लाख आधी भरायला लावले आणि मे २०२४ ला जामीन देताना आणखी २० लाख. एवढा आकडा तुमच्या वाट्याला येणार नाही, पण दोन दिवसांच्या बंदोबस्ताचं बिलसुद्धा घरचं बजेट मोडतं, म्हणून भरायची ऐपत नसेल तर अर्जातच उत्पन्नाचा दाखला जोडून सूट मागायची, ऑर्डर झाल्यावर नाही. उपचारासाठी जेलनेच हॉस्पिटलला नेलं तर त्या एस्कॉर्टचं बिल तुम्हाला कोणी लावू शकत नाही. कोणी लावलं तर पावती मागा, विषय तिथेच संपतो.

ओपीडीला नेल्यावर घरचे तिथे जाऊन उभे राहतात, कळतं सगळं, तेवढंच तोंड दिसतं. तिथे केसपेपर हवालदाराच्या हातात असतो, तो कोर्टाची कागदपत्रं धरावीत तसा घट्ट धरून असतो, डॉक्टर औषध लिहितो, खिडकीवर दोन गोळ्या मिळतात आणि तिसरीपुढे गोल करून "बाहेरून" असं लिहून येतं, आणि सगळे तुमच्याकडे बघतात. शंभर-दोनशेची गोष्ट असते म्हणून लोक घेऊन टाकतात, मी नको म्हणणार नाही, दुखणं थांबायचं तर थांबलं पाहिजे. पण चिठ्ठीचा फोटो काढा, बिल ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी अधीक्षकांना एक ओळीचा अर्ज टाका की हे औषध पुढच्या वेळेपासून स्थानिक खरेदीतून, म्हणजे जेलनेच बाजारातून घेऊन, मिळावं. नाहीतर ती गोळी कायमची तुमच्या नावावर चढते.

आणि हे तुमच्या माणसाला मुलाखतीत नक्की सांगा, रागाच्या भरात "मला नाही जायचं हॉस्पिटलला" असं लिहून द्यायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. गाडी तीनदा चुकली की माणूस वैतागतो आणि सही करतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कोठडीतल्या अनैसर्गिक मृत्यूंना भरपाईचं धोरण मंजूर केलं, वैद्यकीय हलगर्जीपणा सिद्ध झाला तर वारसांना ५ लाख, पण कैद्याने स्वतः उपचार नाकारले असतील तर काही नाही. बोलायला कडू आहे, पण त्या एका सहीची किंमत ही आहे.

आता मनीऑर्डर. जेलमध्ये प्रत्येकाचं एक खातं असतं, त्यात पैसे टाकले की तो कॅन्टीनमधून साबण, बिस्किट, फरसाण वगैरे घेतो. महिन्याची मर्यादा असते आणि ती वेळोवेळी बदलते, म्हणून गेटवर विचारूनच टाका. २०२१ मध्ये आर्थर रोडला शाहरुख खानच्या मुलाला घरून ४५०० ची मनीऑर्डर गेली होती, तेव्हा तीच कमाल होती, त्याच्यापेक्षा जास्त त्यालाही चालत नव्हतं. पण हे पैसे चैनीचे, गरजेचे नाहीत. डॉक्टरने दूध, अंडी असा वैद्यकीय आहार लिहिला तर तो जेलने द्यायचा, कॅन्टीनमधून विकत घ्यायला लावायचा नाही, आणि शुगर बीपीवाल्यांनी हा आहार लिहून मागायला पाहिजे, बरेच जण मागतच नाहीत.

शिक्षा झालेला माणूस काम करतो त्याची मजुरी मिळते. ऑगस्ट २०२३ पासूनचे दर बघा, कुशलला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशल ६७, अकुशल ५३, खुल्या वसाहतीत (खुल्या कारागृहात) ९४. महिन्यात २५ दिवस काम मिळालं तर अकुशलचे १३२५ होतात. एवढे कमी का, तर सुप्रीम कोर्टाने १९९८ ला गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की कैद्याला रास्त मजुरी द्या पण ठरवताना त्याच्या जेवणाकपड्याचा खर्च सरकारने वजा धरला तरी चालेल. म्हणजे एका अर्थाने भाकरीचे पैसे तो कापून देऊन बसलाय, त्यामुळे "सरकारच्या जिवावर फुकट खातो" असं म्हणणाऱ्या नातेवाइकाला हे ऐकवायला हरकत नाही. याच मजुरीवर राज्य सहकारी बँकेची जिव्हाळा नावाची कर्ज योजना २०२२ ला येरवड्यात सुरू झाली, ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, हप्ता मजुरीतून. घरी कोणाचं ऑपरेशन किंवा वकिलाची फी असेल तर सावकाराकडे जाण्याआधी कारागृहात या योजनेची चौकशी करा.

काही जण शिक्षा भोगून झाली तरी दंड भरला नाही म्हणून आत बसलेले असतात. दंडाचे पैसे उसने आणण्याआधी केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांची योजना विचारा, दंडासाठी २५ हजारांपर्यंत मिळतात, जिल्ह्याची समिती ठरवते, अर्ज जेलमधून किंवा विधी सेवा प्राधिकरणातून जातो. भ्रष्टाचार, मनी लॉन्डरिंग, ड्रग्ज, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) असल्या केसना नाही.

गोव्यातल्यांसाठी हिशोब हाच, राज्य सरकार. जेल कोलवाळला, मोठं हॉस्पिटल बांबोळीचं, आणि रिटसाठी पर्वरीला हायकोर्टाचं खंडपीठ आहे.

सुटायची तारीख जवळ आली की महिनाभर आधीच अधीक्षकांना अजून एक अर्ज टाका, कारागृह रुग्णालयाच्या नोंदी आणि बाहेरच्या हॉस्पिटलच्या सगळ्या केसपेपरच्या नकला सुटताना हातात मिळाव्यात म्हणून. गेटमधून बाहेर पडल्यावर कोणीच परत कागद मागायला जात नाही. खात्यात उरलेले पैसे आणि मजुरीचा हिशोब त्याच दिवशी सही करण्याआधी मोजून घ्यायचा. टीबीचा कोर्स अर्धवट असेल तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव आधीच एमओला सांगून ट्रीटमेंट तिकडे ट्रान्सफर करून घ्या, आणि मधले आठ-दहा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या सोबत मागून घ्या.